बीम एक्सेलमध्ये, फ्रेम पायथनमध्ये, आणि मधली हद्द

एक्सेल की पायथन हा विषय निघाला की इमारतींचं डिझाइन करणाऱ्या स्ट्रक्चरलवाल्यांच्या दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते आम्ही आयुष्यभर शीटवर कामं केली, सगळं उभं आहे, आता कोडिंग कशाला शिकायचं. दुसरी म्हणते एक्सेल हे काय इंजिनिअरिंगचं टूल आहे का, ते अकाउंटवाल्यांचं. मला दोघांचंही अर्धंच पटतं. माझ्यापुरती हद्द अशी: प्रॉब्लेमचा आकार ठरलेला आहे आणि नुसते आकडे बदलतायत तर शीट, आणि आकारच इनपुट आहे, म्हणजे आज दोन स्पॅन (दोन आधारांमधली लांबी) उद्या पाच, आज एक मजला उद्या तीन, तर पायथन. बाकीचं सगळं या एका गोष्टीतून निघतं.

आता कोणीतरी विचारणारच, की एवढी मोठमोठी सॉफ्टवेअरं असताना हा उद्योग कशासाठी. तर दोन कारणं. एक म्हणजे छोटे बीम, म्हणजे भार पेलणाऱ्या आडव्या तुळया, दिवसभर येत राहतात, प्रत्येकासाठी मॉडेल उघडून नोड (जोडाचे बिंदू) टाकत बसण्यापेक्षा शीटमध्ये चार आकडे टाकले की झालं. दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं, की मोठ्या सॉफ्टवेअरचं उत्तर कशाच्या तरी शेजारी ठेवून बघायला लागतं. तेच मॉडेल परत रन केलं तर उत्तर तेच येणार, त्याला चेक म्हणत नाहीत.

सिम्पली सपोर्टेड, म्हणजे दोन्ही टोकांना नुसत्या टेकलेल्या, बीमपासून सुरू करू. याची शीट बहुतेक लोक फॉर्म्युल्यांची करतात, यूडीएलला (सारख्या पसरलेल्या लोडला) मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, डब्ल्यूएल स्क्वेअर बाय ८ (डब्ल्यू लोड, एल स्पॅन), मध्यावर पॉइंट लोडला पीएल बाय ४, आणि मग तीन पॉइंट लोड आणि अर्ध्या स्पॅनवर यूडीएल असं काही आलं की शीट अडकते. त्यापेक्षा मॅकॉलेची पद्धत घ्यावी, १९१९ ची आहे पण शीटसाठीच काढल्यासारखी वाटते. एका कॉलममध्ये एक्स, म्हणजे डाव्या टोकापासूनचं अंतर, शून्यापासून एलपर्यंत १०० भाग, आणि पायरी एल भागिले १०० अशी, ०.१ मीटर अशी फिक्स नाही, म्हणजे स्पॅन बदलला तरी ओळी तेवढ्याच राहतात. पुढच्या कॉलममध्ये प्रत्येक लोडचा वाटा, आणि मॅकॉलेच्या कंसाचं काम करायला मॅक्स फंक्शन, शून्य आणि एक्स वजा ए (ए म्हणजे लोडची जागा) यातलं जे मोठं ते. लोड अजून आलाच नसेल तर शून्य, येऊन गेला असेल तर अंतर. त्याला लोडने गुणलं की मोमेंट, घन करून ६ ने भागलं की डिफ्लेक्शनमधला (बीमच्या झुकण्यातला) वाटा, आणि इंटिग्रेशनचा एक कॉन्स्टंट उरतो तो दुसऱ्या टोकाला डिफ्लेक्शन शून्य या अटीवरून एकाच सेलमध्ये निघतो. एवढी एक शीट नीट केली की कितीही पॉइंट लोड, कुठेही असोत, चालतात.

यात एक्सेलच्या दोन खोड्या आहेत त्या माहीत असलेल्या बऱ्या. शिअरच्या (कापणाऱ्या जोराच्या) कॉलममध्ये मॅकॉलेच्या कंसाचा घात शून्य असतो आणि एक्सेलमध्ये शून्याचा शून्यावा घात काढायला गेलं की नंबर एरर येते, पायथन मात्र गुपचूप १ देतो. म्हणून शिअरला सरळ इफ वापरायचा. दुसरी खोडी जास्त डेंजर कारण ती एरर देत नाही: एक्सेलमध्ये बरोबरच्या चिन्हानंतर उणे २ चा वर्ग लिहिलात तर उत्तर ४ येतं, कारण ते उणे चिन्ह आधी लावतं आणि वर्ग नंतर करतं. पायथनमध्ये तीच गोष्ट उणे ४. वजा डब्ल्यू एक्स स्क्वेअर बाय २ असं मोमेंटचं पद कोणी उणे एक्सच्या वर्गापासून लिहायला सुरुवात केली तर चिन्ह उलटं होणार, आणि शीटवरून कोडमध्ये किंवा कोडवरून शीटमध्ये फॉर्म्युला नेताना हे हमखास होतं. कंस टाका, किंवा उणे चिन्ह शेवटी वजाबाकी म्हणून येऊ द्या, एवढाच इलाज.

आणि शीटमध्ये वरच कुठेतरी एक ओळ कायम तपासणीची ठेवायची. ६ मीटर स्पॅन, २० किलोन्यूटन पर मीटर, स्टीलचा ई (मटेरियलचा ताठपणा) २ लाख एमपीए, आय (सेक्शनच्या आकाराचा वाकण्याला विरोध) ८६०० सेंटिमीटर चा चौथा घात. मोमेंट ९० किलोन्यूटन मीटर आणि डिफ्लेक्शन १९.६ मिलिमीटर. हा आकडा यायलाच पाहिजे. ज्याने कोणी सेल ओढताना पत्ता पक्का करणारा डॉलर साइन विसरला असेल त्याचं बिंग इथे फुटतं.

युनिटबद्दल इथेच बोलून घेतो. स्टील टेबलमध्ये आय सेंटिमीटरमध्ये, स्पॅन मीटरमध्ये, ई न्यूटन पर मिलिमीटर स्क्वेअरमध्ये, लोड किलोन्यूटनमध्ये, म्हणजे चार गोष्टी चार युनिटमध्ये, आणि लोक प्रत्येक फॉर्म्युल्यात १० चा कुठलातरी घात घुसवून जमवून घेतात. सहा महिन्यांनी तो घात कशासाठी होता ते कोणालाच सांगता येत नाही. माझी सवय अशी की इनपुटच्या शेजारीच एकदा कन्व्हर्ट करायचं आणि आत सगळं किलोन्यूटन आणि मीटर. वरच्या सेक्शनचा ईआय (ई गुणिले आय) १७,२०० किलोन्यूटन मीटर स्क्वेअर होतो, हा आकडा एका सेलमध्ये उघडा दिसला पाहिजे, कारण तो डोळ्यांना ओळखीचा झाला की चुकलेला लगेच खुपतो. पायथनमध्ये युनिटं सांभाळणाऱ्या लायब्रऱ्या आहेत, पिंट वगैरे, छोट्या कॅल्क्युलेशनला छान आहेत पण मॅट्रिक्समध्ये मीटर आणि रेडियन शेजारी शेजारी बसतात तिथे मला त्यांची कटकटच वाटते.

बरं, आता कंटिन्युअस बीम, म्हणजे मध्येही आधार असलेला सलग बीम. इथे मजा सुरू होते. दोन स्पॅन घ्या, ६ मीटर आणि ४ मीटर, दोन्ही टोकं साधी, सगळीकडे २० किलोन्यूटन पर मीटर. क्लॅपेरॉनचं थ्री मोमेंट थिअरम १८५७ चं, त्यात आकडे टाकले की मधल्या सपोर्टवर ७० किलोन्यूटन मीटर येतात, बरोबर ७०. हार्डी क्रॉसने १९३० मध्ये मोमेंट डिस्ट्रिब्यूशन छापलं, त्या पद्धतीने केलंत तरी इथे एकाच फेरीत सुटतं: टोकं पिन आहेत (फिरू शकतात) म्हणून फिक्स्ड एंड मोमेंट (मधला सपोर्ट फिरू दिला नाही तर तिथे येणारे) ९० आणि ४०, फरक ५०, डिस्ट्रिब्यूशन फॅक्टर (तो फरक वाटायचं प्रमाण) ०.४ आणि ०.६, ९० मधून २० गेले ७०, ४० मध्ये ३० आले ७०. रिअॅक्शन (सपोर्टने दिलेले उलट जोर) ४८.३, १२९.२ आणि २२.५, बेरीज २००, म्हणजे एकूण लोड. क्रॉसची पद्धत मुळात कागदावरच्या टेबलाची आहे, त्यामुळे शीटमध्ये ती इतकी सहज बसते की बघत राहावं, पर्सनल कॉम्प्युटरवरची पहिली स्प्रेडशीट व्हिजिकॅल्क १९७९ ची म्हणजे क्रॉसच्या जवळजवळ पन्नास वर्षं नंतरची, पण कॉलम आणि ओळी त्याने आधीच आखून ठेवल्या होत्या.

पण ही शीट इथे संपत नाही, संपली असं वाटतं तिथेच घोळ होतो. त्या २० पैकी ८ डेड लोड (बांधकामाचं कायमचं वजन) आणि १२ लाइव्ह (माणसं-सामानाचं बदलणारं) आहे असं समजा. लाइव्ह लोड नेहमी सगळीकडे असेलच असं नाही. सगळीकडे टाकला तर ४ मीटरच्या स्पॅनमध्ये सॅगिंग मोमेंट (खाली वाकवणारा) येतो १२.७. लाइव्ह फक्त त्या छोट्या स्पॅनवर टाकला, मोठ्यावर नुसता डेड, तर तोच आकडा २३.४ होतो. जवळजवळ दुप्पट, आणि एकूण लोड कमी असताना. आता उलटं करा, लाइव्ह फक्त ६ मीटरच्या स्पॅनवर. मोठ्या स्पॅनचा सॅगिंग ५८.४ वरून ६२.३ जातो, ते ठीक आहे, पण छोट्या स्पॅनकडे बघा: टोकाची रिअॅक्शन उरते फक्त ०.९ किलोन्यूटन, आणि मोमेंटचं चिन्ह बदलतं ते टोकापासून २२५ मिलिमीटरवर. म्हणजे ४ मीटरच्या स्पॅनमध्ये जवळजवळ पूर्ण लांबीत वरच्या बाजूला ताण. काँक्रीटचा बीम असेल आणि वरची सळई सवयीने स्पॅनच्या पाव भागापर्यंत नेऊन थांबवली असेल तर पुढे ताण घ्यायला तिथे काही नाहीच. आणि लाइव्ह अजून थोडा जास्त असता तर ती रिअॅक्शन उलटी झाली असती, बीमचं टोक सपोर्टवरून उचललं गेलं असतं. सगळीकडे फुल लोड टाकून केलेल्या शीटमध्ये यातलं काहीही दिसत नाही, आणि ती शीट चुकीची पण नाही, तिने विचारलं त्याचं बरोबर उत्तर दिलं.

तर पॅटर्न लोडिंग, म्हणजे लाइव्ह लोड कधी या तर कधी त्या स्पॅनवर, आलं की शीटमध्ये तेच कोष्टक तीन वेळा कॉपी होतं. पाच स्पॅन असले तर प्रत्येक स्पॅनवर लाइव्ह आहे किंवा नाही अशा ३२ शक्यता, आठ स्पॅनला २५६. हुशार लोक म्हणतील एवढ्या कशाला, एकाआड एक आणि लागून दोन एवढेच पॅटर्न पुरतात, खरं आहे, पण त्याहून सोपी युक्ती आहे. प्रत्येक स्पॅनवर एकटा १ किलोन्यूटन पर मीटर टाकून बीम सोडवायचा, पाच स्पॅनला पाच वेळा, नमपायमध्ये (पायथनची गणिताची लायब्ररी) तर पाचही लोड एकाच मॅट्रिक्सचे कॉलम म्हणून एकदाच सॉल्व्ह होतात. मग प्रत्येक सेक्शनला डेडच्या मोमेंटमध्ये लाइव्हचे जेवढे वाटे पॉझिटिव्ह आहेत तेवढेच मिळवले की कमाल, जेवढे निगेटिव्ह तेवढे मिळवले की किमान. एनव्हलप (कमाल-किमानाची रेषा) तयार, एकही कॉम्बिनेशन न लिहिता. वरच्या बीमला मधल्या सपोर्टचे वाटे २.७ आणि ०.८ येतात, त्यांना २० ने गुणून बेरीज केली की परत ७०. हे शीटमध्ये होत नाही असं नाही, होतं, पण स्पॅनची संख्या बदलली की शीट परत बांधायची आणि कोडमध्ये लिस्टमध्ये एक आकडा वाढवायचा. हीच ती हद्द.

शीटवाले या अडचणीवर एक तोडगा काढतात तो बघून मला कायम धास्ती वाटते. शीट पाच स्पॅनची असते, हवे असतात तीन, मग उरलेल्या दोन स्पॅनना लांबी ०.००१ मीटर. स्टिफनेस (ताठपणाच्या मॅट्रिक्सच्या) पद्धतीत स्पॅनच्या घनाने भागाकार होतो, ६ मीटर आणि १ मिलिमीटर यांच्या स्टिफनेसमध्ये २ वर अकरा शून्यं एवढा फरक पडतो. एक्सेल १५ आकडे सांभाळतं, त्यातले ११ इथेच खर्ची पडले, आणि उरलेल्या चारातून रिअॅक्शन काढायची आहे. कधी चालून जातं, कधी तिसऱ्या आकड्यापासून कचरा येतो, आणि कचरा आलाय हे सांगायला कोणी येत नाही. पायथनमध्ये निदान कंडिशन नंबर (आकडे किती भरवशाचे राहिले याचं माप) एका ओळीत विचारता येतो.

फ्रेमला, म्हणजे बीम आणि खांब (कॉलम) जोडलेल्या सांगाड्याला, मात्र शीटचा नाद सोडावा असं माझं स्पष्ट मत. एकदा करून बघावी, जरूर बघावी, चार नोडचा पोर्टल (दोन खांब, वर एक बीम), प्रत्येक नोडला तीन हालचाली, आडवी, उभी आणि फिरणं, म्हणजे १२ बाय १२ ची मॅट्रिक्स, दोन्ही बेस फिक्स धरले की ६ बाय ६ उरते, एक्सेलची एम इन्व्हर्स आणि एम मल्ट ही मॅट्रिक्सची फंक्शनं लावली की उत्तर. खांबाची सहा बाय सहा मॅट्रिक्स फिरवून ग्लोबलमध्ये (पूर्ण फ्रेमच्या दिशांमध्ये) कशी जाते, ती मोठ्या मॅट्रिक्समध्ये कुठे जाऊन बसते, दोन मेंबरचे (मेंबर म्हणजे बीम किंवा खांब) आकडे एका सेलमध्ये कसे मिळतात, हे रंग भरलेल्या सेलमध्ये जसं दिसतं तसं कोडमध्ये कधीच दिसत नाही. शिकण्यासाठी एक नंबर. पण मग कोणी म्हणतं मध्ये एक नोड वाढवा, आणि सगळ्या रेंज सरकतात, आणि त्या दिवशी कळतं की ही शीट त्या एका पोर्टलची होती.

पायथनमध्ये हीच गोष्ट शंभरेक ओळींत मावते. नोडची डिक्शनरी, मेंबरची लिस्ट, सपोर्ट, लोड. प्रत्येक मेंबरसाठी स्थानिक मॅट्रिक्स, तिला कोनाप्रमाणे फिरवायचं, नमपायच्या इंडेक्सिंगने मोठ्या मॅट्रिक्समध्ये मिळवायचं, फिक्स असलेल्या हालचाली बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांसाठी सॉल्व्ह. इन्व्हर्स काढायचा नाही, सॉल्व्हच वापरायचं, ते जलद पण आहे आणि आकडेही जास्त जपतं. सपोर्टच्या जागी डायगोनलवर १० चा विसावा घात टाकायची एक जुनी पद्धत आहे, काम करते, पण बाजूला काढणं दोन ओळींचं काम असताना तो अवाढव्य आकडा आत का सोडायचा. आणि सॉल्व्ह करताना सिंग्युलर मॅट्रिक्सची एरर आली तर ती शिव्या देण्यासारखी गोष्ट नाही, तुमच्या फ्रेमला कुठेतरी आधार कमी आहे किंवा एकाच नोडवरची सगळी टोकं हिंज (मोकळी फिरणारी) केलीत असं ते सांगतंय. एरर न येता डिफ्लेक्शन लाखो किलोमीटर आलं तरी अर्थ तोच.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो मेंबरवरच्या यूडीएलमध्ये. नोडवर जे टाकायचं ते फिक्स्ड एंड फोर्सच्या उलटं, आणि नोडच्या हालचाली मिळाल्यावर मेंबरचे फोर्स काढताना तेच फिक्स्ड एंड फोर्स परत मिळवायचे. हे मिळवायचं राहिलं तर डिफ्लेक्शन सगळी बरोबर, रंगीत आकृती सुंदर, आणि मोमेंट साफ चूक. ओळखायची खूण सोपी: दोन्ही टोकं फिक्स असलेला एकच बीम टाका, मोमेंट डब्ल्यूएल स्क्वेअर बाय १२ आला पाहिजे, शून्य आला तर हेच झालंय.

फाइनाइट एलिमेंटकडून (वस्तूचे बारीक तुकडे करून सोडवायच्या पद्धतीकडून) आलेली मंडळी इथे अजून एक करतात, बीमचे वीस तुकडे. एकसारख्या सेक्शनच्या साध्या बीमला, जिथे शिअरचं डिफ्लेक्शन धरलेलं नाही, एक मेंबर एक एलिमेंट एवढं पुरतं, नोडवरची उत्तरं तशीच नेमकी येतात, तुकडे करून ती जास्त बरोबर होत नाहीत. मधल्या डिफ्लेक्शनचा आकडा हवा असेल किंवा आकृती गोलाकार दिसायला हवी असेल तर करा तुकडे, पण मग ते दिसण्यासाठी केलेत हे लक्षात असू द्या.

आता तपासणी. माझ्या कोडच्या फोल्डरमध्ये एक पोर्टल कायमचा मुक्कामाला आहे. ४ मीटर उंच, ६ मीटर रुंद, तिन्ही मेंबर तोच १७,२०० चा ईआय, बेस फिक्स, वर डाव्या कोपऱ्यात ३० किलोन्यूटन आडवा. हातानं केलं, अॅक्सिअल दाब (मेंबरचं लांबीत आखूड होणं) सोडून दिला, तर आकडे एकदम सुबक निघतात: कॉलमच्या तळाशी ३६, वर २४, कॉलममध्ये उभा फोर्स ८ किलोन्यूटन, एका बाजूला वर एका बाजूला खाली. उलथवणारा मोमेंट ३० गुणिले ४ म्हणजे १२०, आणि त्याला अडवणारे दोन तळाचे ७२ अधिक ८ गुणिले ६ चे ४८, परत १२०. स्वे (वरचं आडवं सरकणं) ७.४४ मिलिमीटर. हा आकडा योग्य आहे का याची अजून एक कच्ची तपासणी फॉर्म्युल्याशिवायही होते, कारण बीम अनंत ताठ मानला तर स्वे ४.६५ आणि बीम नुसता दोरीसारखा मानला म्हणजे दोन्ही कॉलम नुसते कँटिलीव्हर (एकाच टोकाला धरलेले), तर १८.६, खरं उत्तर या दोघांच्या मध्ये असलंच पाहिजे. कुठल्याही मजल्याला, कुठल्याही सॉफ्टवेअरच्या उत्तराला हे दोन टोकांचं माप लावता येतं, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत.

कोड चालवल्यावर मात्र बरोबर ७.४४ येणार नाही आणि तिथे घाबरायचं नाही. कोडमध्ये मेंबरला एरिया असतो. ५६ चौरस सेंटिमीटर धरला तर बीम १५ किलोन्यूटनने दाबला जातो आणि ०.०८ मिलिमीटर आखूड होतो, त्यामुळे डावा कोपरा उजव्यापेक्षा तेवढा जास्त सरकतो आणि ३६ आणि २४ च्या मागच्या दशांशांत किंचित फरक दिसतो. एरिया हजारपट करून बघा, आकडे ३६ आणि २४ ला येऊन चिकटतात. हा प्रयोग मी प्रत्येक नवशिक्याला करायला सांगतो, कारण हातानं केलेलं आणि मशीननं केलेलं यातला फरक कुठून येतो हे त्यात स्वच्छ दिसतं, नाहीतर लोक एकतर फरक दिसला की कोडला दोष देतात किंवा फरकाकडे बघतच नाहीत.

बघतच नाहीत हे जास्त महागात पडतं. नॉर्वेचा स्लाइप्नर ए, समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया, २३ ऑगस्ट १९९१ ला स्टाव्हांगरजवळच्या फियोर्डमध्ये पाण्यात उतरवताना फुटला आणि बुडाला. सॉफ्टवेअर प्रसिद्ध, गणितात त्याची काही चूक नाही, पण पायातल्या पोकळ काँक्रीट कप्प्यांच्या कोपऱ्यातल्या भिंतींसाठी टाकलेली जाळी (मॉडेलचे तुकडे) इतकी ढोबळ होती की शिअर ४७ टक्के कमी दाखवला गेला, आणि सळईची रचनाही तिथे कमी पडली. नंतर नीट विश्लेषण केलं तर भिंत ६२ मीटर खोलीला फुटेल असं उत्तर आलं, प्रत्यक्षात फुटली ती ६५ मीटरला. म्हणजे साधनं होती, गणित होतं, त्या भिंतीला नुसता एक फिक्स्ड बीम समजून शेजारी शिअरचा आकडा काढला असता तरी एवढी तफावत डोळ्यात भरली असती. हे फ्रेमचं उदाहरण नाही हे मला माहीत आहे, पण आपल्या शंभरेक ओळींच्या कोडलाही तोच नियम लागू आहे.

म्हणून कोडच्या शेवटी काही गोष्टी कायम लिहिलेल्या असाव्यात आणि त्या जमल्या नाहीत तर प्रोग्रामनं थांबावं, वॉर्निंग देऊन पुढे जाऊ नये. रिअॅक्शनची बेरीज बरोबर लोडची बेरीज, आडवी, उभी आणि कुठल्याही एका बिंदूभोवती मोमेंटची. प्रत्येक जॉइंटवर मोमेंटची बेरीज बाहेरच्या मोमेंटएवढी. मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे का. एक लक्षात ठेवा, बॅलन्स जमला म्हणजे सगळं जमलं असं नाही, आय दहापट चुकला असला तरी बॅलन्स जमतोच, फक्त वाटणी चुकते, म्हणूनच ते दोन टोकांचं माप वेगळं लागतं.

शीट आणि कोड यांना एकमेकांत गुंफायचं म्हटलं तर बरेच मार्ग आहेत. मला सगळ्यात बरं वाटतं ते इनपुट शीटमध्ये, गणित पायथनमध्ये, उत्तर परत शीटमध्ये. नोड, मेंबर, लोड असे तीन टॅब, पांडाज या पायथन लायब्ररीने वाचायचे. ज्याला कोड येत नाही त्याला इनपुट बघता येतं, बदलता येतं. ओपनपायएक्सेलने वाचणार असाल तर एक गोष्ट: फॉर्म्युल्याच्या सेलची किंमत हवी असेल तर ती फाइल एक्सेलने शेवटची सेव्ह केलेली असली पाहिजे, कारण ओपनपायएक्सेल स्वतः फॉर्म्युले सोडवत नाही, एक्सेलने साठवलेली किंमत असेल तर ती देतं, नसेल तर काहीच नाही. एक्सएलविंग्ज उघड्या एक्सेलशीच बोलतं, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही पण एक्सेल मशीनवर असावं लागतं. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलच्या आतच पायथन आणलं, ते चालतं मात्र त्यांच्या क्लाउडवर, प्रोजेक्टचा डेटा बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर आधी ऑफिसमध्ये विचारा.

तयार लायब्रऱ्यांचं म्हणाल तर टूडी फ्रेमला अॅनास्ट्रक्ट हलकं आणि पटकन आकृती देणारं, थ्रीडी आणि पी डेल्टा (झुकलेल्या फ्रेमवर उभ्या लोडचा वाढीव परिणाम) हवं तर पायनाइट, आणि भूकंपाचं नॉनलिनिअर काम असेल तर ओपनसीसपाय, पण ते घरगुती चेकिंगसाठी उगाच जड. स्वतःचा छोटा कोड आधी लिहिलेला असला तर यांचं डॉक्युमेंटेशन अर्ध्या वेळात समजतं, विशेषतः चिन्हांची भानगड, कोणाचा घड्याळाच्या दिशेचा मोमेंट पॉझिटिव्ह आणि कोणाचा उलटा. लायब्ररी घेतली तरी पहिला रन तो ३६ आणि २४ चा पोर्टलच.

आणि चेकरचा, म्हणजे हिशोब तपासणाऱ्याचा, विचार करा, कारण शेवटी तो कागद त्याच्याकडे जातो. शीटमध्ये सगळं समोर दिसतं असं म्हणतात पण दिसतात ती उत्तरं, फॉर्म्युले सेलच्या आत लपलेले, आणि एखाद्या ओळीत कोणीतरी फॉर्म्युल्यावर सरळ आकडा टाइप केला असेल तर तो छापील कागदावर कधीच कळत नाही. शो फॉर्म्युलाज करून एकदा पूर्ण कॉलमवरून नजर फिरवायची, ओळीच्या मध्येच एखादी वेगळी दिसते. कोडमध्ये उलटं, फॉर्म्युले दिसतात आणि मधली उत्तरं लपतात, म्हणून आउटपुटमध्ये नुसते जास्तीत जास्त मोमेंट देऊन भागत नाही, प्रत्येक मेंबरचा ईआय, लांबी, दोन्ही टोकांचे फोर्स आणि रिअॅक्शनची बेरीज असा एक टॅब देतो, ज्यावरून चेकरला कोड न उघडता एखादा जॉइंट हातानं जुळवून बघता येईल. बहुतेक वेळा तो सगळ्यात जास्त मोमेंटचा जॉइंट निवडतो. मी त्याला सगळ्यात कमी रिअॅक्शनचा सपोर्ट पण बघायला सांगतो, ०.९ किलोन्यूटनवाला.